डोह यादीत नाही

मामाचा फोन आला तेव्हा मी माजिवडा नाक्यावर रिक्षात अडकले होते. वर उड्डाणपूल, त्याच्या शेजारी मेट्रोचे खांब, खाली आम्ही. मामा गावाकडून बोलताना ओरडूनच बोलतो. आवाज ठाण्यापर्यंत स्वतःच पोचवायचाय असं त्याला वाटतं.

“पोरी, एक काम कर माझं. आपल्याकडं काय बघायचं, काय खायचं, काय विकत घ्यायचं, राहायचं कुठं, अशी एक यादी करून दे. फोटोबिटो टाकून. लोकं आता फोनवर बघूनच येतात म्हणं.”

“करते की,” मी म्हणाले. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं. हा २०२५ चा मे महिना. यादी पूर्ण व्हायला पुढचा जानेवारी उजाडला, आणि मधल्या काळात माझ्यामुळे एका बैलाचा पाय कापला गेला.

माझं आजोळ मुरबाड तालुक्यात आहे. कल्याणहून एसटीत बसलं की शहाड, म्हारळ, कांबा, रायते, गोवेली करत मुरबाड येतं. तिथून म्हसा. म्हशाच्या पुढे रस्ता सह्याद्रीच्या भिंतीकडे निघतो. समोर गोरखगड आणि त्याचा सोबती मच्छिंद्रगड, उजव्या अंगाला सिद्धगड, आणि या सगळ्यांच्या पाठीमागे, वर, भीमाशंकरचं रान. गावाचं नाव मी लिहीत नाहीये. का, ते पुढे कळेल.

२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, पण मुरबाड ठाण्यातच राहिला. म्हणजे कागदोपत्री मी आणि मामा एकाच जिल्ह्यात राहतो. कलेक्टर ऑफिसात काम निघालं की तो आमच्याकडे मुक्कामाला येतो. येताना पिशवीभर तांदूळ आणतो आणि सकाळी उठून दरवेळी एकच वाक्य बोलतो, “तुमच्याकडं रात्र होतच नाय.”

मामाची जमीन अडीच एकर. पावसाळ्यात भात, नंतर ओलीवर वाल-हरभरा, विहिरीच्या बाजूला थोडी भेंडी. मामेभाऊ मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी गोठ्याच्या पलीकडे तीन खोल्या बांधल्या. सरकारचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण, एमटीडीसीची निवास-न्याहारी योजना, हे सगळं त्याने वाचून काढलं होतं. माणशी बाराशे रुपये, दोन वेळचं जेवण, सकाळी चहा-नाश्ता. जेवण मामी करते. तांदळाची भाकरी, गावठी कोंबडी, वालाचं बिरडं, पावसाच्या तोंडाला शेवळं मिळाली तर काकडं घालून शेवळांची भाजी.

पण यादीची घाई मामाला खोल्यांमुळे नव्हती. त्या उन्हाळ्यात एक माणूस गावात दोनदा येऊन गेला होता. त्याला सलग जमीन हवी होती. प्लॉट पाडायचे, कंपाउंड घालायचं, मुंबई-ठाण्याच्या लोकांना ‘सेकंड होम’ विकायचं. रस्त्याला लागून असलेल्या दोघांनी इसार घेतलाही होता. मामाची जमीन बरोबर मधे येत होती. त्याने मामाला गुंठ्याचा भाव सांगितला आणि आपलं कार्ड दिलं. मामाने ते आरशाच्या फटीत खोचून ठेवलं. रोज दाढी करताना ते दिसायचं.

“खोल्या चालल्या तर नाय म्हणायला जोर येईल,” मामा म्हणाला. म्हणजे ती यादी कशासाठी होती ते तेव्हा मला कळायला हवं होतं.

*

ही गोष्ट आमच्याकडे होऊन गेलेली आहे. माजिवडा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? ईस्टर्न एक्सप्रेस हायवे आणि घोडबंदर रोड जिथे भेटतात तो जांगडगुत्ता. मॉल. रिक्षावाल्याचं “सीट, सीट”. या सगळ्याच्या आत एक गावठाण आहे आणि आम्ही तिथे राहतो, हे आमच्या समोरच्या टॉवरमधल्या लोकांनाही नीट माहीत नसतं. बाबांच्या लहानपणी आमचं भात होतं. आजी अजून “शेतावर” म्हणते आणि बोट दाखवते ते एका सोसायटीच्या पार्किंगकडे.

पैसे आले, ते घरात गेले, लग्नांत गेले, हळदीच्या डीजेत गेले, काकांच्या आजारपणात गेले. उरलेल्यातून बाबांनी घरावर दोन मजले चढवले. तिथे सहा खोल्या आहेत. जालना, लातूर, आझमगड, सगळीकडची मुलं भाड्याने राहतात. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, पाणी सकाळी एक तास. आमचाही होमस्टेच आहे म्हणा ना, फक्त बघायला काही नाही म्हणून कुणी फोटो काढत नाही.

एकदा गंमत म्हणून मी आमच्या गल्लीतली दुकानं मोजली. मोबाइल दुरुस्ती, पार्सल बिर्याणी, झेरॉक्स आणि भाडेकरार, पाण्याचे जार, रंगाचं दुकान, दोन सलून, दोन इस्टेट एजंट. वाईट काहीच नाही, सगळ्यांची पोटं आहेत. पण कोयत्याला धार लावून देणारा कुणी नाही, कारण कोयता कुणाकडे नाही. दुकानं बघितली की गावात कोण काय करतं ते कळतं. आमच्या गल्लीतली दुकानं बघून कळतं की इथे माणसं थोडे दिवस राहतात आणि जातात. आम्ही जात नाही, पण आम्हीही तिथलीच पार्सल बिर्याणी खातो.

तर मी असल्या ठिकाणी बसून मामाच्या गावाची यादी करायला घेतली.

*

पहिली यादी मला एका रात्रीत सुचली, कारण ती मी आधी शंभर वेळा वाचली होती. ‘मुंबईपासून तीन तासांवर.’ ‘अजून कुणाला माहीत नसलेलं.’ गोरखगडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या, वरची गुहा, गुहेसमोरची चाफ्याची झाडं. भातखाचरांचा हिरवा रंग. चुलीवरचं जेवण. आणि शेवटी, हुकमाचं पान म्हणून, डोह.

डोह गावाच्या वरच्या अंगाला आहे. ओढा दोन मोठ्या खडकांमधून खाली येतो आणि तिथे पाणी गोल फिरून थांबतं. लहानपणी मे महिन्यात मी तिथे पोहायला शिकले, कमरेला सुका भोपळा बांधून. जूनच्या शेवटच्या आठवड्यात गावाला गेले तेव्हा पहिला पाऊस होऊन ओढा वाहायला लागला होता. मी बावीस सेकंदांचं रील केलं. खाली लोकेशनची पिन टाकली, खोल्यांचा नंबर टाकला.

माझे फॉलोअर्स चारशेच्या आसपास. त्या रीलला तीन दिवसांत एक लाख चाळीस हजार व्ह्यूज आले. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत सुटले. मामेभावाने तीन नाचणाऱ्या माणसांच्या इमोजी पाठवल्या. पुढच्या शनिवार-रविवारी तिन्ही खोल्या भरल्या. मामाने फोनवर नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडून सांगितलं, “पोरी, जमलं बघ!”

त्याच्या पुढच्या रविवारी डोहावर पन्नास-साठ गाड्या होत्या. त्यांतला एकही माणूस आमच्या खोल्यांत उतरलेला नव्हता. ते गाडीतच जेवण घेऊन आले होते, गाडीतच स्पीकर होता, गाडीतच बाटल्या. गावातल्या दुकानातून त्यांनी काय घेतलं हे मी नंतर विचारलं. सिगारेट, पाण्याच्या बाटल्या, वेफर्स. दुकानदार म्हणाला, “एकाने मेणबत्ती मागितली. वाढदिवस होता म्हणं.”

सोमवारी पहाटे शेजारचे काका बैल घेऊन डोहाच्या खालच्या उतारावर पाणी पाजायला गेले. तिथे बिअरची बाटली फुटून पडली होती. उजव्या बैलाच्या पुढच्या खुरात काच घुसली, चांगली आत. जनावरांच्या डॉक्टरांनी ती काढली, पट्टी बांधली आणि सांगितलं, तीन आठवडे चिखलात घालायचा नाही.

ज्यांनी भातशेती बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. राब तयार झालेला असतो, पाऊस लागलेला असतो, आणि आवणीच्या आधी खाचरात चिखलणी करावी लागते. ती त्याच आठ-दहा दिवसांत. रोप वाढून गेलं की पीक पडतं. तीन आठवडे चिखलात बैल घालायचा नाही, याचा अर्थ काकांच्या हातून हंगाम जाणार. काकांकडे बैलांची एकच जोडी.

मामाने आपलं काम थांबवून भाड्याचा पॉवर टिलर आणला आणि आधी काकांचं खाचर उरकलं. टिलरचे पैसे मी दिले. ते देताना काका काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त नोटा मोजल्या, दोनशे जास्त होते ते परत दिले आणि विचारलं, “आईची तब्येत कशी हाय?”

बोलली ती मामी. रात्री, भांडी घासताना, माझ्याकडे न बघता. “तू डोह दाखवलास. डोह काय आपला हाय?”

“आपल्या गावाचाच आहे ना,” मी म्हणाले.

“बाया कपडे धुतात तिथं. कातकरणी मासे धरतात. गुरं पाणी पितात. तुझ्या मामाच्या सातबाऱ्यावर हाय का डोह? मग तुझ्या मामाच्या खोल्यांसाठी तू तो कसा दिलास?”

मला उत्तर आलं नाही. रील मी त्याच रात्री काढून टाकलं. अर्थात तोपर्यंत ते इतर वीस लोकांनी उचलून आपल्या नावाने टाकलं होतं. पिन अजून फिरते आहे कुठेतरी. तरी इथे नाव लिहायचं नाही, एवढं माझ्या हातात आहे.

*

पुढचे दोन महिने मी यादीला हात लावला नाही. मग एका रात्री, झोप येत नव्हती म्हणून, दुसरीकडे लोक हे कसं करतात ते शोधायला लागले. फोनवर एकातून दुसरं निघत मी स्पेनमध्ये पोचले. पश्चिम स्पेनमध्ये, कासेरेस प्रांतात, हेर्ते नावाचं एक खोरं आहे. अकरा गावं. डोंगरउतारावर पायऱ्या काढून लावलेली चेरीची झाडं. मार्च-एप्रिलमध्ये साधारण दोन आठवडे सगळं खोरं पांढरं होतं आणि ते बघायला लोक लोटतात. गावागावांतून उत्सव असतो. घरांतून राहायच्या खोल्या मिळतात.

मला वाटलं, हेच तर आपल्याला हवंय. फुलांऐवजी भात आणि धुकं. पण जरा वाचत गेल्यावर लक्षात आलं की ते खोरं फुलांवर जगतच नाही. फुलं दोन आठवड्यांची. ते जगतं चेरीवर. तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आहेत, त्या चेरी गोळा करतात, निवडतात, विकतात. देठाशिवाय तोडलेली ‘पिकोता’ ही तिथली खास जात, तिला तिथल्या नावाचं संरक्षण आहे, जसं आपल्याकडे २०२१ मध्ये वाडा कोलम तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं तसं. एखाद्या वर्षी फुलं बघायला कुणीच आलं नाही तरी चेरी विकली जाणारच.

त्याच स्पेनमधली दुसरी एक गोष्ट वाचली. ३१ मार्च २०१९ ला माद्रिदच्या रस्त्यांवर खेड्यांतली हजारो माणसं उतरली होती. आमची गावं रिकामी केली गेली, दवाखाने गेले, शाळा गेल्या, आता आमच्याकडे बघा, असं सांगायला. ‘रिकामा केलेला स्पेन’ हा शब्दच तिथे रूढ झाला आहे. मला गंमत वाटली आणि भीतीही. त्यांना रिकामं होण्याची धास्ती, आम्हाला भरून जाण्याची. पण खोलात गेलं तर दुखणं एकच दिसतं. गावातलं रोजचं काम संपलं की गाव संपतं, मग घरं ओस पडलेली असोत नाहीतर सेकंड होमने गच्च भरलेली.

दुसऱ्या दिवशी मी मामीला फोन केला. म्हटलं, “मी शनिवारी येते. तू बाजाराला जाशील तिथे मला घेऊन चल. मी फक्त बघेन.”

मामी म्हणाली, “ये. पण तो फोन आत ठेव.”

*

मामीबरोबर फिरताना मला एक सोपा नियम सापडला. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारायचं, उद्यापासून बाहेरचं एकही माणूस आलं नाही तर हे चालेल का? चालत असेल तर यादीत. बाहेरच्यांनी जरा जास्त घेतलं तर त्याला चार पैसे वर मिळतील, पण ते त्यांच्यासाठी उघडलेलं नाही.

गावातली गिरण. आठवड्यातून ठरावीक दिवस भात भरडते, बाकी दिवस पीठ. मालक बाहेरच्यांना तांदूळ विकत नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं. “पाच-पाच किलोच्या पिशव्या भरून ठेवू का?” त्यानेच विचारलं. हातसडीचा हवा तर दोन बायका करून देतील, पण आधी चार दिवस सांगायचं.

लोहार. म्हशाच्या रस्त्याला, चिंचेखाली. विळे, कोयते, पहारीला पाणी देणं. शहरातल्या माणसाला पहारीचं काय काम? पण घरातल्या नारळ फोडायच्या कोयत्याला धार लावून देतो, आणि त्याचा भाता चालताना बघायला पैसे पडत नाहीत.

किराणा दुकान. मीठ, बिडी, टॉर्चचे सेल, बिस्किटं, रिचार्ज, सुकट-बोंबील. दुकानदाराने मेणबत्तीची गोष्ट पुन्हा सांगितली. मी म्हणाले, “पुढच्या वेळी मेणबत्ती महाग लावा.” तो हसला नाही. “नाय, भाव एकच,” म्हणाला.

मुरबाडच्या बाजारात खाली बसणाऱ्या बायका. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी, कर्टोली, कुड्याची फुलं. ओढ्यातले खेकडे दोरीत बांधून. घासाघीस करायची नाही, असं मी यादीत लिहिलं, तर मामी म्हणाली, “का? कर म्हणावं. आम्ही पण करतो. घासाघीस न करता घेणाऱ्या माणसाला त्या दुप्पट सांगतात.” मी ते खोडलं.

आणि राहायच्या जागा. मला वाटत होतं इथे फक्त मामाच्या तीन खोल्या येतील. मामाने स्वतःच आणखी दोन घरं सांगितली. एका घरात आजी-आजोबा एकटेच आहेत, पडवी मोठी आहे, चार माणसं झोपू शकतात. दुसरं घर काकांचं. बैलवाल्या काकांचं.

“त्यांना चालेल?” मी विचारलं.

“मी बोललोय. म्हणाले, दारू पिणारा नको.”

ही अट आम्ही तिन्ही घरांना लावली. यादीत पहिल्या ओळीत लिहिली. मामेभाऊ म्हणाला, निम्मी गिऱ्हाइकं जातील. गेली. एका बुकिंग अ‍ॅपवर खोल्या होत्या, तिथून दोन वाईट शेरे आले. एकाने लिहिलं, ‘मालक पार्टी करू देत नाही, पोहायची जागा सांगत नाही.’ मामेभावाने चिडून मला स्क्रीनशॉट पाठवला. मामीला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “खरं तेच लिवलंय की.”

*

यादीत कार्यक्रमही हवे होते. आमच्या भागात दोन मोठे, आणि २०२६ मध्ये ते एकाला लागून एक आले. २ जानेवारीला सिद्धगड, ३ जानेवारीला पौष पौर्णिमा, म्हणजे म्हशाची जत्रा.

सिद्धगडाच्या पायथ्याशी २ जानेवारी १९४३ ला पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल माथेरानचे, वकील. ‘आझाद दस्ता’ काढून त्यांनी बेचाळीसमध्ये मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. दरवर्षी त्या पहाटे माणसं तिथे जमतात, अंधारात, थंडीत. आमच्या खोल्यांत उतरलेल्या डोंबिवलीच्या चार मुली मामाबरोबर गेल्या. मीही होते. परत येताना एकीने विचारलं, “मनोरे का पाडले? दुसरं काही नव्हतं का?” मामा म्हणाला, “मुंबई बंद पाडायची तर वीज तोडायची. ती इथूनच जायची.” मग थोडं थांबून, “वीज इथूनच जायची, पाणी अजून जातं.” बारवी धरण आमच्याच तालुक्याच्या अंगाला आहे, त्याचं पाणी ठाणे जिल्ह्यातल्या शहरांना आणि कारखान्यांना जातं. त्या मुलींनी पुढे काही विचारलं नाही, पण त्यातली एक बराच वेळ डोंगराकडे बघत चालत होती.

म्हशाला खांबलिंगेश्वराचं देऊळ आहे आणि जत्रा बैलांसाठी प्रसिद्ध. कोरोनाने जत्रा अडवली, मग २०२२ मध्ये लम्पीची साथ आली आणि राज्यभरचे गुरांचे बाजार बंद पडले. त्या वर्षांत मामा कितीदा तरी म्हणायचा, जत्रा नाय तर थंडी पडल्यासारखी वाटत नाय. जत्रेत सगळं मिळतं. घोंगड्या, दोरखंड, वेसणी, पत्र्याच्या पेट्या, भांडी, विळे, गोडी शेव, आकाशपाळणे. आणि ते सगळं विकत घेणारी माणसं आसपासच्या चार तालुक्यांतली. पर्यटक त्या गर्दीत शोधूनही सापडत नाही. यादीत मी लिहिलं, ‘गाडी मुरबाडलाच लावा, एसटीने या, पाकीट सांभाळा, घोंगडी घ्या.’

माजिवड्याहून माझ्याबरोबर आमचा भाडेकरू आला होता, जालन्याचा. दिवसभर पार्सलं पोचवतो, सुट्टी मिळत नाही म्हणून दोन वर्षांत गावी गेला नव्हता. त्याने घोंगड्यांच्या दुकानात तासभर घालवला. हाताने चोळून, उलटी करून, दोऱ्याचं टोक दाताने ओढून. शेवटी एक घेतली, वडिलांसाठी. म्हणाला, “ताई, माजिवड्यात दोन वर्षं झाली, घरच्यांसाठी घ्यावं असं काही दिसलंच नव्हतं.”

मी एक घुंगुरमाळ घेतली. काकांच्या उजव्या बैलासाठी. त्याचा पाय आता ठीक आहे, थोडा टाकून चालतो. काकांनी माळ हातात घेतली, वाजवून बघितली आणि म्हणाले, “एकच? डाव्याला काय घालू?” मी परत म्हशाला जाऊन दुसरी आणली.

*

आता हिशेब. वर्षाच्या शेवटी मामेभावाने वही काढली. गॅस, किराणा, वीज, अ‍ॅपचं कमिशन, सगळं वजा करून तीन खोल्यांनी जे कमावलं, ते त्या प्लॉटवाल्याने एका गुंठ्याला देऊ केलेल्या रकमेपेक्षा थोडं कमी होतं. अख्ख्या वर्षात एक गुंठाही नाही. आणि मामाकडे शंभर गुंठे आहेत.

वही मिटून कुणी काही बोललं नाही. मी काही बोलणार तरी कशी? माझ्या शिक्षणाचे पैसे आमच्या विकलेल्या शेतातूनच आले होते. मामेभावाची मुलगी यंदा पाचवीत आहे. जमीन विकू नका असं सांगणारी माणसं बहुतेक वेळा शहरातल्या घरात बसून सांगतात, आणि मी तर अशा घरात बसले आहे जे विकलेल्या जमिनीवर उभं आहे.

मामा म्हणाला, “यंदाचा पावसाळा बघू.” कार्ड अजून आरशात आहे. पण आता त्याच्या खाली, त्याच फटीत, मामेभावाने छापून आणलेली आमची यादी खोचलेली असते. एक पान, मागून-पुढून. त्यात गिरण आहे, लोहार आहे, तीन घरं आहेत, सिद्धगड आणि म्हसा आहे, गोरखगडाला देहरीतून जाताना पाणी कुठे भरून घ्यायचं ते आहे. काकांच्या घरी महिन्यातून दोनदा तरी पाहुणे असतात. गिरणीतून या हंगामात पाच-पाच किलोच्या चाळीस पिशव्या गेल्या. फार नाही, पण ते चाळीस पिशव्यांचे पैसे मामाच्या वहीत दिसत नाहीत, गिरणवाल्याच्या वहीत दिसतात.

गेल्या आठवड्यात मी गावाला होते. मामी भाकऱ्या थापत होती आणि फोन वाजला. तिने कोपराने स्पीकरवर टाकला. पलीकडून एक तरुण आवाज, मागे गाडीचा हॉर्न.

“हॅलो, काकी, आम्ही सहा जण येतोय. तुमच्याकडे तो पाण्याचा स्पॉट आहे ना, रीलमधला?”

मामीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

“नाय रे बाबा,” मामी म्हणाली. “पोहायचं काय नाय आमच्याकडं. जेवायला या.”

पलीकडे दोन क्षण शांतता. मग तो म्हणाला, “बरं. जेवायला काय आहे?”

मामी सांगायला लागली.